भागीबाईच्या पत्र्यावरचे उसासे

भागीबाईनं नवऱ्याची राख गंगेत सोडलीच नाही, स्टीलच्या डब्यात दडवून ठेवलीय. म्हणून तो तिन्हीसांजेला तिच्या पत्र्यावर बसून उसासे टाकतो, अशी कुजबुज इंदिरानगरच्या त्या गल्लीत होती. कुणी सुरू केली, हे शेजारच्या ज्योत्स्नाताईंना विचारू नका. त्या शपथेवर कानावर हात ठेवतील आणि मग तुम्हाला अख्खी हकीकत पहिल्यापासून सांगतील.

भागीबाई मूळची हरसूलकडची. घरी भाकऱ्या थापून विकायची. अंगानं भरलेली, जिभेनं तिखट. एका संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावताना तिला पत्र्याच्या कडेवर पांढरं तोंड दिसलं. माणसासारखं, आणि पापणीही न हलवणारं. घाबरून तिनं कुंडीतलं ढेकूळ भिरकावलं. तेव्हा पंख उघडले, आणि ते घुबड आवाज न करता निघून गेलं. ढेकूळ पडल्याचाही आवाज आला नाही.

भागीबाईला माहेरची समजूत आठवली. तिच्या माहेरी पोरंसुद्धा घुबडाला ढेकूळ मारत नाहीत. घुबड ते उचलून पाण्यात नेऊन ठेवतं. ढेकूळ जसं विरघळतं, तसा मारणारा झिजतो.

भागीबाई झिजू लागली. घास घशाखाली उतरेना, बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या. तिन्हीसांज झाली की पत्र्याखालून लांबलचक उसासा यायचा, जणू तिच्याच छातीतला वारा कुणी ओढून घेतंय.

"भागीबाई, डाएट कुठलं हो? आम्हालाही सांगा की," ज्योत्स्नाताई कुंपणावरून म्हणाल्या.

"मातीचं. तुम्हाला नाय झेपायचं, ताई."

शेवटी, मरायचंच तर बघून मरू, म्हणून ती दिवे लागायच्या सुमारास शिडी लावून वर चढली. उसासे थांबले. पत्र्याखालच्या फटीतून डोळे तिच्याकडे बघत होते. त्यांच्याकडे पाठ न करता ती चाचपत पाण्याच्या टाकीपर्यंत सरकली. टाकीच्या फुटक्या नळीखाली, शेवाळावर, ढेकूळ होतं. त्यावर थेंब थेंब पाणी पडत होतं. अर्धंच उरलं होतं.

तिनं ते पदरात घेतलं, फटीला हात जोडले. "चुकलं बाई माझं. तू ऱ्हा हितं सुखानं."

ढेकूळ तिनं शेगडीशी सुकवलं, डब्यात घातलं, झाकण दाबून लावलं. मग पोटभर जेवली. फट बुजवू का, असं विचारणाऱ्या गवंड्याला तिनं दारातूनच पिटाळलं, आणि डब्याला हात लावणाऱ्या ज्योत्स्नाताईंच्या बोटांवर उलथनं मारलं. कुजबुज त्या उलथन्यापासून सुटली.

नवऱ्याची राख रीतसर गंगेत सोडलेली होती. डब्यात मातीचं अर्धं ढेकूळ होतं. पत्र्याखाली घुबडाची पिलं होती, आणि ती भुकेनं फुसफुसत होती.