श्रद्धांजलीचं बटण

एकशे चौदा सूचना आल्या. सगळ्या मी वाचल्या, चष्मा पुसून पुसून वाचल्या, आणि त्यातल्या एकशे तेरा वाचून मला शिसारी आली. उरलेली एक सूचना आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनीची होती. ती मंजूर व्हायलाच हवी होती, कारण तिचा नवरा पुन्हा हरवणार होता. डॉक्टरांनीच तिला तसं सांगून ठेवलं होतं.

आधी हा उकिरडा काय आहे ते सांगते. आमच्या चारकोपच्या सेक्टरमधल्या सहा सोसायट्यांनी मिळून इंटरनेटवर चर्चेचा कट्टा काढलाय. पाणी, पार्किंग, कामवाल्या बायका, जुना फ्रीज विकणे, सगळं तिथेच. बी विंगमधल्या एका सॉफ्टवेअरवाल्याने तो फुकटात बनवून दिला आणि देखरेख माझ्या गळ्यात मारली. का, तर मी रिटायर्ड आणि तोंडाने फटकळ. बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली मी, लोकांची बोलणी जोडून देण्यात. तेव्हा समोरून 'हॅलो' आल्याशिवाय निदान कुणी बोलायला सुरुवात तरी करत नव्हतं. आता समोर माणूस आहे की नाही याच्याशी कुणाला काही घेणंच उरलेलं नाही.

तर वहिनीचा नवरा. त्यांना अख्खा सेक्टर मास्तर म्हणतो. इथल्या म्युनिसिपाल्टीच्या शाळेत त्यांनी अर्ध्या कॉलनीला अ आ इ ई शिकवली. आज जे बाप्ये पोट सावरत कमिटीत बसतात, त्यांचे कान मास्तरांनी पिळलेत. 'प्रश्न पूर्ण वाच, मग लिही' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पेपरात घाई केलेली दिसली की पुढचं न तपासता शून्य द्यायचे. गेल्या दोन वर्षांत मात्र त्यांना विसर पडत चाललाय. आधी चष्मा, मग वार, मग घराचा मजला. वहिनी दाराला आतून कडी घालून ठेवायची. एका मंगळवारी ती आंघोळीला गेली आणि कडी तेवढी राहिली. सकाळी सातला मास्तर खाली उतरले ते उतरलेच.

वहिनीने बाजार पालथा घातला, मैदान पाहिलं, रिक्षावाल्यांना विचारलं. साडेनऊला घरी येऊन तिने कट्ट्यावर लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच लिहिलं बिचारीने. मोबाइलमधला नवऱ्याचा सगळ्यात चांगला फोटो तिने वर लावला. तो होता निरोपसमारंभातला. खांद्यावर शाल, हातात नारळ आणि गळ्यात हा एवढा मोठा हार.

आता आमच्या कट्ट्याची एक खोड आहे. मोबाइलवर फोटो मोठा दिसतो आणि त्याखाली लिहिलेल्यातली एकच ओळ. बाकीचं वाचायचं तर 'पुढे वाचा' असं लिहिलंय तिथे बोट लावावं लागतं. वहिनीची पहिली ओळ होती, 'आमचे मास्तर आज सकाळी सात वाजता...'

हार घातलेला म्हातारा, आज सकाळी सात वाजता. झालं! पहिल्याने लिहिलं, 'ॐ शांती.' दुसऱ्याने हात जोडले. तिसरीने लिहिलं, 'देव मृतात्म्यास शांती देवो, वहिनींना हे दुःख सहन करण्याची शक्ती मिळो.' एका मेल्याने तर दोन फुलं टाकून त्याच्याखाली आपल्या टिफिन सर्व्हिसचा नंबरही दिला. शी! मेल्याच्या घरी डबा पोचवायची केवढी ती तत्परता! अर्ध्या तासात सत्तरच्या वर श्रद्धांजल्या झाल्या होत्या. पुढे वाचलं कुणी नव्हतं.

चौथी श्रद्धांजली माझी होती. हो, माझी. मी गवार मोडत बसले होते, डाव्या हाताने फोन उघडला, हार पाहिला आणि एका बोटाने लिहून टाकलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली. फार सज्जन माणूस.' दोन मिनिटं वाईटही वाटलं मला. मग मनात म्हटलं, ही गवार फोडणीला टाकते आणि मग जाते खाली. सज्जन माणूस गेला, पण आधी माझी भाजी होऊ दे. दुसऱ्यांना मेले म्हणते ना मी? मग हेही लिहून ठेवते.

भाजी झालीच नाही. दारावर धपाधप थापा पडल्या. उघडलं तर वहिनी, अनवाणी, पदर सुटलेला, हातात फोन.

"ताई, कुठे आहेत ते?"

मला वाटलं, बाई धक्क्याने बडबडतेय. मी तिचा हात धरला. "धीर धर गं वहिनी. बस आधी."

"नको, बसत नाही. तुम्हाला सगळ्यांना कळलंय ना? मग मलाच का नाही सांगितलं कुणी? कुठे सापडले? कुठे ठेवलंय त्यांना?"

आणि तिने फोन माझ्या नाकासमोर धरला. तो थांबत नव्हता, टिंग टिंग वाजतच होता. एकेक श्रद्धांजली येत होती आणि प्रत्येक टिंगला ती दचकत होती. नवरा हरवलाय म्हणून तिने गावाला विचारलं आणि गावाने तिला सांगितलं, तो मेला. तिला वाटलं, इतकी माणसं म्हणतायत म्हणजे कुणीतरी पाहिलंच असणार.

मी 'पुढे वाचा'वर बोट लावलं. हरवलेत, निळ्या चौकड्यांचा शर्ट आहे, एवढं वाचलं आणि पुढचं वाचवेना. कपाळ माझं! तिच्या डोळ्यांकडे बघायची सोय राहिली नव्हती. मी म्हटलं, "कुणाला काही कळलेलं नाही गं. आम्ही वाचलंच नाही."

तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे जिवंत असतील?"

मग मी कट्ट्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, मास्तर हरवलेत, गेलेले नाहीत, डोळे उघडा. पाच मिनिटांत पिठाच्या गिरणीवाल्याचा फोन आला. त्याने मास्तरांना सकाळी आठला गोरेगावच्या बसमध्ये चढताना पाहिलं होतं.

"अरे मग साडेनऊपासून बोलला का नाहीस?" मी ओरडले.

"ताई, सगळ्यांनी श्रद्धांजली लिहिलेली. म्हटलं, मास्तर तर गेले, मग मला दिसला तो दुसराच कोणी म्हातारा असेल."

स्वतःच्या डोळ्यांवर त्याचा विश्वास नव्हता, पण सत्तर न वाचणाऱ्यांवर होता. हा माणूस दळण बरोबर देतो हेच नशीब.

गोरेगाव म्हटल्यावर वहिनीच्या ध्यानात आलं. मास्तरांची पहिली नोकरी गोरेगावजवळ दिंडोशीला, कोर्टाच्या अलीकडच्या एका शाळेत होती. आम्ही दोघी रिक्षाने निघालो. ती शाळा आता तिथे नाही, टॉवर आहे. टॉवरच्या गेटसमोर, फुटपाथवर, भर उन्हात मास्तर बसले होते. पायात एकच चप्पल, ओठ फुटलेले. वॉचमनने सांगितलं की आजोबा सकाळपासून विचारतायत, घंटा झाली का? उन्हाने त्यांना इतका ताप भरला की दोन दिवस सलाइनवर ठेवावं लागलं. आम्ही श्रद्धांजली वाहत होतो तेव्हा ते घंटेची वाट बघत तापत होते.

यानंतर काय व्हायला हवं होतं? लाज वाटायला हवी होती. वाटली कुणाला? अहो, कमिटीने पत्रक काढलं, 'झालेल्या गैरसमजाच्या पार्श्वभूमीवर कट्ट्याच्या सुधारणेसाठी सभासदांनी सूचना पाठवाव्यात.' गैरसमज म्हणे. आणि सूचनांचा पाऊस पडला.

एकाला कट्ट्याची स्क्रीन काळी हवी, डोळ्यांना त्रास होतो म्हणून. एकीला उपवासाच्या पदार्थांचा वेगळा विभाग हवा. एकाने लिहिलं की चुकीची कमेंट कुणाला न कळता काढून टाकता यावी. हे वाचून तर माझी तळपायाची आग मस्तकात गेली. एकाने लिहिलं, हरवलेल्या माणसांच्या बातम्या वेगळ्या कोपऱ्यात टाका, सकाळी सकाळी निगेटिव्ह वाटतं. आणि सगळ्यात जास्त लोकांची सूचना कोणती, ठाऊक आहे? श्रद्धांजलीचं तयार बटण ठेवा. दाबलं की फुलं, समई, हात जोडलेले, सगळं एकदम जाईल. दर वेळी टाइप करायचा त्रास होतो.

मी फोन पालथा घातला. उठून पाणी प्यायले.

वहिनीची सूचना दोन ओळींची होती. कुणी हरवल्याचं लिहिलं तर सगळ्यांच्या फोनवर घंटा वाजावी आणि माणूस सापडेपर्यंत ते वरच राहावं. सॉफ्टवेअरवाल्याला मी विचारलं. तो म्हणाला, "काकू, एका संध्याकाळचं काम आहे, पण कमिटीने हो म्हणायला हवं." म्हणजे दाराची कडी पुन्हा एकदा राहिली, तर मास्तर परत येणार की नाही हे आता कमिटीच्या हातात होतं. हे लोक पार्किंगच्या पट्ट्यांवर दीड वर्ष भांडलेले आहेत.

रविवारी सोसायटीच्या ऑफिसात मीटिंग झाली. वहिनी आली, मास्तरांना हाताशी धरून. एकटं ठेवणार कसं? कोपऱ्यातल्या खुर्चीवर ते बसले, खिडकीकडे तोंड करून. एकाने त्यांना पाहून मान खाली घातली. बाकीच्यांनी चहा घेतला.

श्रद्धांजलीचं बटण पहिल्या दोन मिनिटांत एकमताने मंजूर झालं. मास्तर तिथे बसलेले असताना, हां! एकालाही काही वाटलं नाही.

मग वहिनीची सूचना आली. सेक्रेटरी पन्नाशीचा, मास्तरांच्याच वर्गात शिकलेला. त्याने खाकरून सुरुवात केली, "भावना समजू शकतो, पण प्रॅक्टिकली बघा ना. लोक ऑफिसात असतात, मीटिंगमध्ये असतात. घंटा वाजली तर डिस्टर्ब होणार. शिवाय परवा जे झालं ते फोटोमुळे झालं. हाराचा फोटो लावायलाच नको होता."

म्हणजे चूक वहिनीची. तिने मान वर केली नाही. साडीचा काठ बोटाला गुंडाळत राहिली. माझं डोकं फिरलं.

"थांब," मी म्हटलं. "तू वाचलंस का तिने काय लिहिलं होतं?"

"वाचलं ना ताई."

"पूर्ण?"

मी फोन काढून त्याच्या हातात दिला. "आधी चौथी श्रद्धांजली बघ, माझी आहे. मीही पूर्ण वाचलेलं नाही, हे सगळ्यांसमोर सांगते. आता तू उभा राहा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाच."

तो हसण्यावारी न्यायला बघत होता, पण बाकी कुणी हसेना. शेवटी उठला. पोरगा फळ्यासमोर उभा राहतो तसा उभा राहिला आणि वाचायला लागला.

"'आमचे मास्तर आज सकाळी सात वाजता खाली उतरले, ते अजून घरी आलेले नाहीत. अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट आहे. त्यांना घराचा पत्ता आठवत नाही. माझं नावही कधी कधी आठवत नाही. कुणाला दिसले तर त्यांना घाबरवू नका, हात ओढू नका.'"

इथे त्याचा आवाज जरा खाली आला. पुढची ओळ मीही पहिल्यांदाच ऐकत होते.

"'नुसती मास्तर म्हणून हाक मारा. तेवढं त्यांना अजून कळतं. मास्तर म्हटलं की थांबतात.'"

कोपऱ्यातल्या खुर्चीवर मास्तरांनी खिडकीकडचं तोंड वळवलं. सेक्रेटरीकडे पाहिलं आणि त्याला ओळखीच्या माणसासारखं विचारलं, "काय रे? काय अडलं?"

फोन माझ्या हातात देऊन तो खाली बसला. मी दाराशी उभ्या गिरणीवाल्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. सकाळी आठला, बसच्या दारापाशी, एक हाक पुरली असती.

घंटा मंजूर झाली. कुणी हात वर केले, कुणी नाही, मी मोजलं नाही. बटणही राहिलं, ते आधीच मंजूर होतं. कट्टा उघडला की आजही खालच्या कोपऱ्यात समईचं चित्र दिसतं आणि माझं तोंड कडू होतं.

माझी ती चौथी श्रद्धांजली मी काढलेली नाही. काढायचा अधिकार माझ्याकडेच आहे. मध्यंतरी मी वहिनीला विचारलं, काढू का? ती मास्तरांना आमटी-भात भरवत होती. चमचा मध्येच थांबवून म्हणाली, "राहू दे. ते जातील तेव्हा तुला पुन्हा लिहायला नको."