पप्पांच्या हिरड्या आणि ट्रम्पेट
मुलाचं पोट बिघडलं म्हणून काल आंबटसर वासाची पावडर पाण्यात कालवली आणि वीसेक वर्षांपूर्वीची अंबरनाथची आमची खोली आठवली. पप्पा लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. त्यांच्या हिरड्या कायम सुजलेल्या असायच्या. वाजवून झालं की ट्रम्पेटच्या ओठांना लावायच्या टोकाला रक्त दिसायचं. शेवटी उल्हासनगरला, कॅम्प एकमधल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी हिरड्या साफ केल्या आणि अशीच पावडर पाण्यातून तोंडात धरायला दिली. "यात चांगले जंतू असतात, काका. खात्री देत नाही, पण दात काढण्याआधी करून बघू." पप्पा भडकले, "जंतू मारायचे सोडून तोंडात घालू?" तरी तोंड वाकडं करत त्यांनी ती रोज धरली, कारण पुढचे दात गेले असते तर वाजवणंच संपलं असतं. तोवर बंद ठेवलेला ट्रम्पेट लग्नसराई तोंडावर आली तेव्हा त्यांनी पुन्हा उचलला. आई आणि मी दारात उभ्या होतो. सूर आधी फाटला, मग लागला आणि लांबत गेला. थांबल्यावर पप्पांनी ओठांना पांढरा रुमाल लावला आणि स्वतः न बघताच आईपुढे धरला. "तू बघ." आईने तो खिडकीपाशी नेऊन उलटसुलट केला. "काही नाही हो," म्हणाली आणि तिने रुमाल घडी घालून त्यांच्या खिशात ठेवला. गुण पावडरीचा की साफसफाईचा, मला आजही सांगता येत नाही. पप्पांनी मात्र तोवर दुसरं गाणं सुरू केलं होतं.