पळीभर बॅटरीचं पाणी

आमच्या अंगणातली मोटार म्हशीसारखी बसते आणि म्हशीसारखीच उठते. आधी मागचं अंग, मग पुढचं. हा उद्योग आमच्या ह्यांचा. पुलगावच्या रस्त्यावर, नाचणगावच्या अलीकडे, ह्यांचं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचं वर्कशॉप होतं. जन्मभर ट्रॉली उचलणारे जॅक बसवले, आणि म्हातारपणी मोबाइलवर काय पाहिलं, तर परदेशातल्या पोट जमिनीला टेकवून चालणाऱ्या मोटारी, ज्या बटण दाबलं की उड्या मारतात. झालं! आमच्या जुन्या पांढऱ्या मोटारीच्या चार चाकांना चार जॅक लागले, डिक्कीत दोन पंप आले आणि ते फिरवायला चार बॅटऱ्या. पोळ्याला बैलांच्या ओळीत सगळ्यात शेवटी ही गाडी उभी राहायची, बॉनेटवर झूल पांघरून, आणि तोरणाखाली आली की गुडघे टेकायची. मी लाजेनं घरातून बाहेर पडत नसे. बाया मुद्दाम दारात येऊन विचारायच्या, "काय खाते वो तुमचा बैल?"

"माझं डोस्कं," मी सांगायची.

मग ह्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डावा हात तेवढा राहिला, पण तो मांडीवर पडून असायचा. डॉक्टरांनी सूनबाईला आणि मला समोर बसवून सांगितलं, की हा हात हलता ठेवा, ह्यांना मनापासून करावंसं वाटेल असं काहीतरी त्यात द्या, नाही तर हाही जाईल. आम्ही रबरी चेंडू दिला, तो त्यांनी सोडून दिला. जपमाळ दिली, ती घरंगळली. चमचा दिला तर माझ्याकडे असं पाहिलं की मीच तो उचलून ठेवला.

शेवटी सूनबाईनं एका सकाळी त्यांची चाकाची खुर्ची अंगणात आणली आणि गाडीचा वायरवाला बटणांचा डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. मग अंगठा सरकला. पंप गुरगुरला आणि गाडी मागून उठली. पुन्हा अंगठा, गाडी बसली. त्या सकाळी वीसेक वेळा तरी ती उठली-बसली असेल. ह्यांचा डावा गाल हसत होता. उजवा काही हसू शकला नाही, पण अर्धं का होईना, पाच महिन्यांनी हसू दिसलं.

आता बॅटऱ्या जगल्या तर हात जगणार, एवढं मला कळलं. जुन्या बॅटऱ्या लवकरच बसल्या, म्हणून सिंदी मेघेहून बॅटरीवाल्याला बोलावलं. त्यानं चार नव्या घातल्या आणि मला शिकवलं. "काकू, गाडी चालत नाई, नुसती उठते-बसते, म्हणून चार्जर लावाच लागते. आधी चिमटे लावाजा, मंग बटन. लाल चिमटा अधिकवर, काळा वजावर. आठ दिवसांनी बुचं उघडून पाहाजा, पट्ट्या पाण्याखाली पाहिजे. उघड्या पडल्या का बॅटरी मेली. पाणी फक्त बॅटरीचं, नळाचं नाई, फिल्टरचं नाई. टोकांवर पांढरं फूल आलं तर सोड्याच्या गरम पाण्यानं धुऊन व्हॅसलीन लावाजा."

मी तेव्हा चौसष्टची होते आणि त्या दिवसापासून स्वतःला इंजिनियर समजायला लागले. काय ते रूप होतं बाईचं! पदर खोचलेला, डोळ्यांवर नातीचा पोहायचा चष्मा, हातात भांडी घासायचे रबरी मोजे. आल्यागेल्याला बसवून अधिक-वजा समजावून सांगायची. लोक चहा पिऊन ऐकून घ्यायचे.

अडचण एकच होती. कॅनचं तोंड मोठं आणि बॅटरीची भोकं लहान, पाणी बाहेरच जास्त सांडायचं. त्या इंजिनियर बाईला मग देव्हारा आठवला. तिथली तांब्याची पळी! लांब दांडा, निमुळती चोच, जशी काही त्याच भोकासाठी घडवलेली. वर देवाच्या पाण्याची, म्हणजे हिच्याहून शुद्ध काय असणार? पळीनं पाणी घातलं. कुठं जास्त झालं तर पळी आत बुडवून काढून घेतलं. आणि काय चमत्कार, पळी बाहेर आली ती सोन्यासारखी लखलखीत! चिंच लावून घासली तरी ती कधी अशी निघाली नव्हती. मला इतका आनंद झाला की पुढच्या शनिवारी मी ताम्हणही घेऊन गेले होते. ते भोकात जाईना म्हणून वाचलं.

मग मी पुन्हा पळीच बुडवली, तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. "तां... तां..." डावा हात खुर्चीवर आपटत होता.

लकवा मारल्यापासून तोंडातून निघालेला पहिला शब्द! माझे डोळे भरून आले. "सूनबाई, आयकलं का वो? ताक मागून राह्यले!" धावत जाऊन पेलाभर ताक आणलं. त्यांनी तोंड फिरवलं. मी पेला तिकडून लावला.

मग दर शनिवारी तेच. मी पळी काढली की "तां... तां...", की मी ताक आणायची. सूनबाई एकदा म्हणाली, "आई, ताक नसन म्हणत ते. पाहा ना, पित नाई."

"तुले काय समजते? चाळीस वर्सं पाजलं मी त्यायले ताक."

पुढच्या वेळी वरून जिरं भुरभुरवलं. चौथ्या-पाचव्या शनिवारनंतर ते तोंड फिरवेनासे झाले. मुकाट्यानं प्यायचे. मी सूनबाईकडे जिंकल्यासारखं पाहिलं.

तिकडे गाडी मात्र थकायला लागली. वीसदा उठायची ती दहादा, मग चारदा. संध्याकाळी भरलेली बॅटरी सकाळी रिकामी. मी रोज चार्जर लावायला लागले, रोज बुचं उघडायला लागले, रोज पळी. एका सकाळी गाडीचा उजवा पुढचा कोपरा खालीच राहिला. त्यांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग दाबायचं थांबवून ते आपल्या अंगठ्याकडे पाहत बसले. मला वाटलं, गाडी बिघडली हे त्यांना कळलेलं नाही. अंगठाच गेला असं त्यांना वाटतंय.

बॅटरीवाला आला. त्यानं काचेची नळी एकेका भोकात घालून पाणी ओढून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "काकू, पाणी कायनं टाकता?"

मी ऐटीत पळी आणून दाखवली. चमकत होती.

"अवो काकू, तांबं! तांबं उतरलं ना तेजाबात. तुमी वरून भरून राह्यल्या अन् बॅटरी आतल्या आत संपून राह्यली. चारही गेल्या."

"मंग मले आधी काऊन नाई सांगतलं?"

"पळीनं कोनी टाकन, हे मले कसं समजन?"

तो पुढेही काही बोलत होता, पण मला एकच शब्द ऐकू येत होता. तांबं. तां. मी वळून खुर्चीकडे पाहिलं. ते पळीकडे पाहत होते. ह्या माणसाला जगात जे सगळ्यात चांगलं कळत होतं ते त्यानं नऊ शनिवार, होता तेवढा सगळा जीव लावून मला सांगितलं होतं. आणि मी त्याला जिरं घालून ताक पाजलं होतं.

नव्या बॅटऱ्या त्याच आठवड्यात आल्या. प्लास्टिकचं नरसाळं आलं. गाडी पुन्हा तरणी झाल्यासारखी उठायला लागली. पण डबा मांडीवर ठेवला तर हात हलेना. मी त्यांचा अंगठा धरून बटणावर ठेवला, तो घसरून खाली आला. मग मीच बटण दाबलं. गाडी उठली, बसली, पुन्हा उठली. ते फाटकाकडे पाहत राहिले. "चुकलं माझं," मी म्हटलं. एकदा नाही, बरेचदा म्हटलं. शब्दही तेव्हापासून आला नाही, तोही नाही आणि दुसराही नाही.

ह्याला आता सहा वर्षं होतील. रोज सकाळी मी तेल लावून त्यांची बोटं उघडते, दुपारपर्यंत ती मिटतात. पूर्वी चार उघडायची, आता दोन उघडतात.

गेल्या शनिवारी चार्जर लावताना माझ्यातली वात्रट बाई जागी झाली. ह्यांनी वर्कशॉपात पोरांच्या कानाखाली काढली असेल ती एकाच चुकीसाठी, चिमटे उलटे लावल्याबद्दल. मी खुर्ची अगदी जवळ ओढली. लाल चिमटा उचलला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर वजाच्या टोकावर धरला, टेकवायला एक बोट अंतर ठेवून. "लावू का वो?" मी विचारलं. "लावून राह्यली मी. पाहा बरं."

त्यांनी पाहिलं. चिमट्याकडे, मग माझ्याकडे. मी चिमटा तसाच धरून ठेवला, कारण एवढ्यानं तरी ते ओरडतील, निदान खुर्ची वाजवतील असं मला वाटत होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

मी चिमटा नीट लावला, लाल अधिकवर. मग काळा. मग बटण. पाण्यात बारीक बुडबुडे यायला लागले. ऊन खुर्चीपर्यंत आलं होतं, म्हणून त्यांना आत नेलं.