मागच्या सीटवरून दिसलेला पंख

माझे सासरे माझ्याशी बोलताना फ्रिजकडे बघतात. यात माझा अपमान नाही, हे बायकोने मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आल्यावर समजावलं. त्यांच्या नजरेच्या मधोमध धुकं साचलंय, कडेकडेचं तेवढं दिसतं. त्यामुळे मला बघायचं तर बाजूला बघावं लागतं. डोळे चांगले होते तेव्हा ते माझ्याशी बोलताना कुठे बघायचे, हे मी विचारलं नाही.

सासूबाई गेल्या, तसे ते नारायण पेठेतलं बिऱ्हाड आवरून आमच्याकडे बिबवेवाडीला आले. सामान म्हणजे दोन बॅगा आणि एक नाद. तरुणपणी बँकेतली नोकरी सांभाळून ते दर रविवारी सायकल मारत हडपसरला जायचे आणि ग्लायडर उडवायचे. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. दोराने ओढून वर सोडायचं, पुढे वारा नेईल तसं. मग बदली झाली आणि उडणं सुटलं. ग्लायडर ओळखण्याचा नाद मात्र राहिला.

इंटरनेटवर असल्या नादिष्टांचा एक गट आहे. कुणीतरी आजोबांच्या ट्रंकेतला फोटो टाकतं आणि जगभरचे म्हातारे त्यावर तुटून पडतात. सासऱ्यांचा खास प्रांत म्हणजे पकडलेली जर्मन ग्लायडर. महायुद्ध संपल्यावर जर्मनीत राहिलेल्या ब्रिटिश हवाई दलाच्या पोरांना ती तिथल्या हँगरांत आयती सापडली. त्यांनी जर्मन खुणांवर रंग फासला, आपली वर्तुळं काढली आणि सुटीच्या दिवशी उडवायला सुरुवात केली. खुणाच पुसल्यामुळे आता फोटोतलं ग्लायडर कोणतं, ते नुसत्या आकारावरून ठरवायचं.

सासऱ्यांची नजर गेल्यावर या कामी माझी नेमणूक झाली. मी वाघोलीच्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवतो. विमानाशी माझा संबंध खिडकीजवळची जागा मागण्यापुरता. मी फोटोचं वर्णन करायचं, ते ओळखणार, आणि मी इंग्रजीत उत्तर टाकायचं, अशी पद्धत पडली. चार फोटो बरोबर आल्यावर मला वाटायला लागलं की ओळखतो मीच, सासरे नुसते दुजोरा देतात.

एका सकाळी इंग्लंडमधल्या एका बाईंचा फोटो आला. समोरून काढलेला. ग्लायडरच्या नाकापुढे दोन हवाई सैनिक खांद्याला खांदा लावून उभे, त्यातले एक बाईंचे वडील. खाली भलामोठा मजकूर होता. मला वाघोलीला जायची घाई, म्हणून तो सोडून मी थेट फोटोवर आलो.

"दांडी आहे का?" सासऱ्यांनी विचारलं. "पोटापासून पंखाला आधार देणारी, तिरकी?"

"आहे. स्पष्ट आहे."

"मग बेबी. ग्रुनाऊ बेबी. एका माणसाचं."

मी 'एका माणसाचं' असं टाकलं आणि निघालो. संध्याकाळी बाईंचं उत्तर आलेलं होतं: आभारी आहे. मग आता आईला पुन्हा विचारायला नको.

आईला काय विचारायचं होतं? जेवताना मी सकाळचा मजकूर पहिल्यांदा नीट वाचला. बाईंची आई शंभरीकडे झुकलेली. लग्नाआधी तीही जर्मनीतच, सैन्याच्या कचेरीत नोकरीला. ती जन्मभर सांगत आली होती, की या ग्लायडरमधून तुझ्या वडिलांनी मला उडवलं. घरात सगळे तिची थट्टा करायचे. कारण वरून कसं दिसलं असं विचारलं, की ती म्हणायची, खाली काही दिसलंच नाही, नुसता पंख दिसला. थट्टेला कंटाळून हल्ली तिने ते सांगायचंच सोडलं होतं. लेकीला आता फक्त एवढंच हवं होतं: त्यात दुसरं माणूस बसायला जागा होती का?

सासऱ्यांनी घास खाली ठेवला. "नुसता पंख दिसला, असं म्हणाली?"

"हो."

"आणि हे तुम्ही मला सकाळी वाचून दाखवलं नाहीत."

"ते विमानाबद्दल नव्हतं, बाबा."

"अहो जावईबापू," ते फ्रिजला म्हणाले, "विमानाबद्दल तेवढंच होतं."

हात धुऊन त्यांनी मला गॅलरीत उभं केलं. एका हातात मोबाइल, दुसरा हात पंखासारखा पसरलेला. आता मी ते ग्लायडर.

"ती दांडी निघते कुठून? तुमच्या खांद्यापासून की बरगडीपासून?"

"बरगडीपासून."

"वर जाऊन पंखाला मिळते. बरं. तिथपासून विमानाच्या पाठीपर्यंत पंख दिसतो का? त्या पोरांच्या डोक्यांवर बघा."

मी फोटो मोठा केला. डोक्यांवर काहीच नव्हतं. "आकाश आहे."

"नुसतं आकाश?"

"नुसतं आकाश."

"मग ती दांडी कसली? तो पंखच आहे." त्यांनी माझा हात धरला, दंड तिरका वर उचलला आणि कोपरापासून पुढचा भाग आडवा केला. "असा. पोटातून निघून आधी वर चढतो, मग सरळ जातो. क्रानिश. म्हणजे दोन माणसांचं. त्या पोरांनी पुढचं सगळं झाकलंय, नाहीतर शेंबड्या पोरालाही कळलं असतं."

समोरच्या इमारतीतले गृहस्थ दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला गॅलरीत आले होते. "काय सर, योगासनं? उशीर केलात जरा," ते माझ्या पोटाकडे बघत म्हणाले. माझ्या हाताला रग लागली होती, पण सासरे तो सोडेनात.

"यात मागचा माणूस बरोबर पंखांच्या मधे बसतो," ते म्हणाले. "खाली वाकला तरी खाली पंखच. तिला दुसरं काय दिसणार होतं?"

मी लिहायला बसलो. अंगातला मास्तर जागा झाला होता, म्हणून म्हटलं, "बाबा, दोन सीट होत्या इतकंच सिद्ध होतं. दुसऱ्या सीटवर कोण बसलं, ते काही फोटो सांगत नाही. 'शक्यता आहे' असं लिहू?"

"खोटं बोलणारी बाई काय सांगेल? खाली गावं होती, नदी होती, गुरं मुंगीएवढी दिसत होती. काही दिसलं नाही, हे कोण मुद्दाम रचून सांगतं? लिहा, तुमची आई मागच्या सीटवर बसली होती. आणि सकाळची चूक कुणाची तेही लिहा."

"कुणाची?"

"आपली," ते उदारपणे म्हणाले.

बाईंचं उत्तर दोन दिवसांनी आलं. त्यांनी आईला सगळं मोठ्याने वाचून दाखवलं होतं. आई म्हणाली, 'मी काय सांगत होते?' आणि मग कुणी न विचारता त्या दिवसाचं सगळं बोलत बसली. त्याने तिला स्वतःचं जाकीट घातलं होतं आणि त्याच्या बाह्या तिच्या बोटांच्याही पुढे आल्या होत्या. हे जाकिटाचं घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं.

मी वाचून थांबलो. सासरे गॅलरीच्या कठड्याशी होते.

"आमच्याकडेही होतं दोन माणसांचं," ते म्हणाले. "शेजारी शेजारी बसायचं. माणूस बसवायची परवानगी मला मिळाली, तेव्हा तुमची बायको पोटात होती. मग बदली. म्हटलं, पुण्याला परत आलो की तुमच्या सासूबाईंना नेऊ. परत आलो, तर ही म्हणाली, आता कशाला, पोरीची दहावी आहे."

"म्हणजे दोन्ही वेळा मीच आडवी आले होय?" बायको आतून म्हणाली. पण ती बाहेर येऊन त्यांच्याजवळ उभी राहिली.

"लग्न नवीन होतं तेव्हा यायची ना तुझी आई मैदानावर. डबा घेऊन. उडायच्या आधी पंखाचं टोक कुणीतरी हातात धरून सरळ ठेवावं लागतं, नाहीतर पंख जमिनीला टेकतो. दोर ओढला गेला की टोक धरून थोडं पळायचं आणि सोडून द्यायचं. माझा पंख तीच धरायची. पदर खोचून." त्यांनी एक हात कमरेशी आणला आणि हवेत काहीतरी हलकेच धरलं.

"पळता यायचं आईला?" बायकोने विचारलं.

"चार पावलं पुरतात. पंख हातातून सुटला, की थांबायचं." ते माझ्याकडे बघत होते, म्हणजे खरं तर बायकोकडे. "ती थांबायची नाही. हात रिकामा झाला, तरी पळत यायची."