नवरीच्या हातातला गिलास

माझ्या मुलीच्या लग्नात स्टेजवर लाल मखमलीची दोन सिंहासनं होती. डेकोरेशनवाल्याने त्यांचं भाडं वेगळं लावलं होतं. आणि तरी नवरा-नवरी त्यांच्यासमोर उभे. पाहुण्यांनी रांगेने यायचं, पाकीट द्यायचं, फोटो काढायचा, उतरायचं. बसलेल्या नवरीसोबत फोटो चांगला येत नाही म्हणे.

बाकीच्या नवऱ्या उभ्या राहतात, त्यांच्याबद्दल मला बोलायचं नाही. माझ्या मुलीला सिकलसेल आहे.

आमच्या भागात हा आजार पुष्कळ घरांत आहे, शब्द समजावून सांगावा लागू नये, पण लागतो. मी शाळेत विज्ञान शिकवते, तेव्हा सवय आहे. रक्तातली लाल पेशी मऊ असते, स्वतःपेक्षा अरुंद नळीतूनही अंग दुमडून निघून जाते. माझ्या मुलीच्या पेशींतलं हिमोग्लोबिन वेगळं आहे. शरीरात पाणी कमी पडलं, गारठा लागला, दमणूक झाली की ते आतल्या आत चिकटून त्याच्या कांड्या होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकडी, ताठ होते. एक अडकली की मागच्या तुंबतात. नळीच्या भिंतीतल्या पेशी चिकट होतात, धोक्याचे निरोप सुटतात, पांढऱ्या पेशी मदतीला म्हणून धावतात आणि गर्दीच वाढवतात. पलीकडे हाड रक्तावाचून तडफडतं. ती कळ मी मुलीच्या लहानपणापासून पाहते आहे. एकदा दवाखान्यात एका तरुण डॉक्टरने तिला विचारलं होतं, "एवढं ओरडण्यासारखं काय झालं?" त्याला मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शरीरातल्या बहुतेक पेशी ताण आला की रोजचं काम आवरतं घेतात आणि आधी डागडुजीची प्रथिनं तयार करतात. लाल पेशीला तीही सोय नाही. तिच्यात केंद्रकच नसतं, नवीन काही बनवणार कुठून? पाणी, ऊब, विसावा तिला बाहेरूनच मिळायला हवा. आठवीच्या पोरांना हे कळतं.

सोयरीक ठरायच्या आधीच मी मुलाकडच्यांना सगळं सांगितलं. मुलगा कळमेश्वरला कारखान्यात नोकरीला. त्याने रक्त तपासून घेतलं. त्याच्यात दोष नव्हता, म्हणजे मुलं झाली तरी त्यांना हा आजार होणार नव्हता. त्याची आई हो म्हणाली, पण निघताना हळूच बोलली, "इहीनबाई, चार लोकांत नका सांगू."

"मी होऊन सांगणार नाही," मी म्हटलं. "पण कोणी विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

मुहूर्त, पत्रिका, राहू-केतू आमच्या घराने आजोबांच्या वेळीच टाकून दिले. आता त्यांच्या जागी फोटोग्राफर आणून बसवला आहे. लग्न मे महिन्यात, भर दुपारी. सकाळी खोलीत गेले तर मेकअपवाली मुलीच्या हातातून बाटली काढून घेत होती.

"पाणी नका देऊ ना काकू तिले. लिपस्टिक जाते. अन् एवढ्या घागऱ्यात बाथरूमले कशी न्याल?"

"कशी न्यायची ते मी पाहीन. तू तुझा ब्रश सांभाळ."

मुलगी माझ्यासमोर पाणी प्याली. मग वरात आली म्हणून मला दाराशी जावं लागलं. वरात नाचून नाचून उशिरा आत आली. त्रिसरण-पंचशील झालं, हार घातले, लग्न लागलं आणि फोटोंची रांग सुरू झाली. स्टेजच्या एका बाजूला मोठा कूलर लावलेला, त्याचा ओला वारा थेट तिच्या अंगावर.

मी खालून पाहत होते. ती हसत होती, पण उजव्या हाताचा अंगठा मांडीत रुतवून धरला होता. ती खूण मी ओळखते.

स्टीलचा गिलास भरून मी निघाले. वाटेत माझा भाऊ आडवा आला.

"एकच दिवस आहे वं. थोडं सहन करीन पोरगी. काय होते एवढ्यानं?"

"दवाखान्यात रात्रभर तू बसशील?"

तो बाजूला झाला. स्टेजवर चढले तर फोटोग्राफर ओरडला, "मॅडम, फ्रेममध्ये येऊन राहिल्या तुम्ही!"

"मग काढ माझाही." मी कूलरचं तोंड फिरवलं, गिलास मुलीच्या हातात दिला आणि म्हटलं, "बस."

तिने आधी सासूकडे पाहिलं. याचा मला सगळ्यात जास्त राग आला. पायात कळ उठली आहे आणि पोरगी बसायची परवानगी शोधते आहे.

"काहून इहीनबाई?" सासू दात आवळून म्हणाली. "लोकं पाहून राहिले."

"पाहू द्या. जेवण झालंय त्यांचं."

तेवढ्यात जावई स्वतःच धपकन सिंहासनावर बसला आणि तिचा हात धरून तिला शेजारी ओढलं. "मले बी बसायचंच होतं मघापासून. हा जोडा चावून राहिला."

रांगेत पुढे त्याची म्हातारी आत्या होती. तिने विचारलं, "काय झालं वं सुनेले?"

मी सांगितलं, "सिकल आहे तिला. उभं राहून त्रास होतो."

आत्याने भावजयीकडे वळून पाहिलं. "माहीत होतं न तुले? मंग तासभर उभी काहून ठेवली? शोपीस हाय का?"

पुढचे सगळे फोटो बसून निघाले. मी गिलास भरत राहिले. पाणी म्हणजे औषध नव्हे, पण त्या दिवशी कळ पुढे सरकली नाही. संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी, तिची नेहमीची गोळी आणि झोप, एवढ्यावर भागलं.

महिन्याभराने अल्बम आला. सासूबाईंनी फोटोग्राफरकडून कॉम्प्युटरवर गिलास पुसून घेतला होता. बसून काढलेल्या प्रत्येक फोटोत माझी मुलगी हवेतलं काहीतरी मुठीत धरून बसली आहे, बोटं गोल वळलेली, आत काही नाही.

मी त्याच दिवशी फोटोग्राफरच्या दुकानात गेले. "माझ्यासाठी दुसरा अल्बम काढ," म्हटलं. "गिलासासकट."

"काकू, तो चांगला नाही दिसत."

"मी विचारलं तुला?"

तो अल्बम आमच्या बैठकीत, टीव्हीखाली ठेवला आहे. विहीणबाई घरी आल्या की मी तोच पुढे करते.