वाडीवरची पाहुणी

शाळाबाह्य मुलं शोधत फिरणाऱ्या आम्हा शिक्षकांकडे किस्से आपोआप साठतात. स्टाफरूममध्ये सांगितले की सगळे हसतात. मीही हसते, पण मग दिवसभर डोकं तापलेलं राहतं.

शहराच्या हद्दीत आलेल्या राई गावात भाऊंची मोगऱ्याची वाडी आहे. भाऊ म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. अर्ध्या जमिनीवर टॉवर उठलेत, उरलेल्या जमिनीवर मोगरा. मी आणि कदम बाई सकाळीच सर्व्हेला गेलो, तर भाऊ फाटकातच म्हणाले, "आमच्याकडं कामाला पोरं न्हाय!"

तेवढ्यात त्यांच्या मागून आठ-नऊ वर्षांची संगीता आली, डोक्यावर कळ्यांची टोपली.

"ही पाहुनी हाय," भाऊ म्हणाले.

कदम बाई रत्नागिरीच्या, तोंडाने फटकळ. "पाहुणीला चहा देतात भाऊ, टोपली नाही!"

*

दुसऱ्या खेपेला भाऊंनी आम्हाला शेतीच शिकवली. "बाई, मोठ्या बोटानं कली चेपते. बारीक बोटंच लागतात."

"मग तुमच्या नातवाला बोलवा की!" कदम बाई म्हणाल्या. " त्याचीही बोटं बारीकच आहेत."

भाऊ चक्क दुखावले. "त्याला कसा बोलवू? तो इंग्लिश मीडियमला हाय!"

*

तक्रार घेऊन एका साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, "शेतात बालमजूर? मॅडम, आपली महानगरपालिका आहे. इथे शेती आहेच कुठे?"

साहेबांच्या टेबलावर मोगरा होता, ताजा!

*

संगीताची आई मात्र हसण्यावारी नेण्यासारखं काही बोलली नाही. हे कुटुंब जव्हारहून मजुरीला आलेलं, भाऊंच्याच शेडमध्ये राहतं. पदराला धाकटी पिंकी लटकलेली. "पोरगी शाळेत घातली न् भाऊनं शेड खाली करायला लावली, तर जायचं कुठं, बाई?" कदम बाई तरीही रोज जात राहिल्या. शेवटी आईनेच संगीताचं नाव घातलं.

*

शाळा उघडली. नव्या मुलांचं स्वागत होतं. पहिल्या रांगेत संगीता, कडक इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये. आणि प्रमुख पाहुणे कोण? भाऊ! कुणी बोलावलं, ते आमच्या हेडमास्तरांनाच माहीत. माझा नुसता संताप झाला.

"लेकरांची जागा शालेत हाय!" भाऊंनी भाषण ठोकलं. टाळ्या! मग माइक हातात धरूनच ते मुलींना गजरे वाटायला लागले. "आमच्या वाडीतला मोगरा, आज सकालीच खुडलेला!"

संगीताने गजरा घेतला आणि मान वर करून विचारलं, "भाऊ, मी तर इथं हाय. मग आज कळ्या पिंकीनं खुडल्या का?"

माइक चालूच होता.

भाऊंनी उत्तर द्यायच्या आत कदम बाई उठल्या, तडक गेटबाहेर गेल्या आणि रिक्षा थांबवली. "भैया, राई चलो. जल्दी!"