सात गुणांची मुलगी

आमच्या ऑफिसात कोणालाही आठपेक्षा कमी गुण द्यायचे नसतात, हे मला कोणी सांगितले नव्हते. सांगण्याची गरज कोणाला वाटली नसावी. ज्या देशात मुलाने चिखलाचा गोळा करून नेला तरी शाळेतल्या बाई त्याला अप्रतिम म्हणतात, तिथे वाढलेल्यांना हे वेगळे शिकावे लागत नाही. मी पुण्याच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत असे. तिथे साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास. कोणाला सत्तरच्या वर मिळाले, तर बेरीज चुकली नाही ना, म्हणून मी पेपर पुन्हा उघडून पाहत असे.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही अमेरिकेत, बेलव्ह्यूला आलो. व्हिसाच्या नियमांमुळे मला कितीतरी वर्षे काम करता आले नाही, आणि करता येऊ लागले तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. नोकरी मिळाली तीही अशी, की पुण्याच्या नणंदेला फोनवर समजावून सांगताना मी दर वेळी मध्येच सोडून देते. खेळाडूंच्या सामन्यांची चित्रणे पाहून त्यांचे मूल्यमापन करणारी ही लहानशी कंपनी आहे. मला घेतले होते ते आकडे तपासण्यासाठी. गेल्या हंगामात माणसे कमी पडली, म्हणून मलाही चित्रणांसमोर बसवण्यात आले. नको म्हणायचे माझ्या मनात होते. ते म्हणेपर्यंत मीटिंग संपली.

खेळ होता ऑस्ट्रेलियन फुटबॉल. मैदान क्रिकेटसारखे मोठे आणि लंबगोल, चेंडूही लंबगोल. तो लाथेने मारायचा, हातात झेलायचा, नाही तर मुठीने ठोकून सहकाऱ्याकडे द्यायचा. फेकायचा मात्र नाही. पहिल्या आठवड्यात मला हे एक भांडण वाटले. दुसऱ्या आठवड्यात त्यातला क्रम दिसू लागला, आणि मग इतर काम मागे पडू लागले. शाळेत मी खो-खोच्या सामन्यांना गुण लिहायला बसत असे. खेळायची हिंमत नव्हती, पण पळणारी मुलगी वळायच्या आधी कोणत्या खांद्याने वळणार, हे मला बाकावरून कळत असे. ते डोळे अजून शाबूत होते, एवढेच म्हणते.

आम्ही पाहत होतो त्या मुली अठरा वर्षांच्या आसपासच्या. वर्षाच्या अखेरीस तिकडे ड्राफ्ट होतो. सगळे क्लब आळीपाळीने एकेका मुलीचे नाव पुकारतात आणि ती मुलगी त्या क्लबाची होते. आमचे गिऱ्हाईक असलेल्या क्लबाकडे गावोगाव हिंडून खेळाडू पाहणारी माणसे थोडी होती. म्हणून आम्ही तीस नावांची यादी करायची, आणि क्लब त्या तीस जणींनाच चाचणीला बोलावणार. एकतिसावी घरी. प्रत्येक मुलीला आमच्यापैकी दोघे पाहत आणि दहापैकी गुण देत. दोघांची सरासरी काढली की झाली यादी.

माझ्या वाट्याच्या मुलींमध्ये एक बुटकी बचावपटू होती. गव्हाच्या शेतांमधल्या कुठल्याशा गावची. धावण्याच्या नोंदींत ती जवळजवळ शेवटी होती. तिचा एक प्रसंग मी पुन:पुन्हा पाहिला. चेंडू उंच आला, तो झेलायला तीन मुलींनी एकदम उडी मारली. ही उडी मारत नाही. तिघींच्या मागे, चार पावले डावीकडे जाऊन उभी राहते. तिघींच्या हातून निसटलेला चेंडू नेमका तिच्यापाशी पडतो, आणि ती न पाहता मुठीने ठोकून मोकळ्या सहकारिणीकडे देते. योगायोग म्हणावा, तर सगळ्या सामन्यांत ती असेच करत होती. सामन्यांसोबत आलेल्या मुलाखतीच्या चित्रणात तिला विचारले होते, "तुझी सर्वांत मोठी ताकद कोणती?" ती खाली पाहत म्हणाली, "मी बहुतेक वेळा तिथे असते."

माझ्यासोबत तिला पाहणाऱ्या तरुण सहकाऱ्याने या उत्तरावर शेरा मारला होता: आत्मविश्वासाचा अभाव. तो वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि पाणी प्यायला गेले. ज्यांना त्या प्रश्नावर तोंड भरून बोलता आले होते, त्यातल्या निम्म्या मुली चेंडू पडे तेव्हा भलतीकडेच असत.

मी तिला सात गुण दिले. संपूर्ण हंगामात मी दिलेले सर्वांत जास्त गुण ते. शेरा लिहिला: "चेंडूच्या आधी जागेवर पोहोचते. उंची आणि वेग कमी. लक्ष ठेवावे." हे लिहिताना आपण जरा वाहवत तर चाललो नाही, अशीही शंका आली होती.

कच्ची यादी आली तेव्हा ती चौतिसावी होती. मी पाहिलेल्या बाकीच्या मुली त्याहून खाली, एकगठ्ठा तळाशी. आकड्यांच्या माणसाला असा गठ्ठा दिसला की कारण शोधायला फार वेळ लागत नाही. मी इतरांचे गुण उघडून पाहिले. नऊ, साडेनऊ, नऊ, पावणेदहा. शेऱ्यांमध्ये सगळ्याच असाधारण. एकीने तर अख्ख्या सामन्यात चेंडूला हात लावला नव्हता. तिला साडेआठ होते आणि तिच्यात 'प्रचंड क्षमता' होती. जिची गाठ माझ्याशी पडली तिची सरासरी फार तर आठ, जिची पडली नाही तिची नऊच्या वर. त्या मुलीचा दोष एवढाच, की तिचा पेपर पुण्याला तपासायला गेला होता.

आमचा मॅनेजर नागपूरचा, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मीटिंगमध्ये तो मला इथल्या रीतीप्रमाणे नावाने हाक मारतो आणि कॉफीच्या मशीनपाशी काकू म्हणतो. मी त्याला मशीनपाशी गाठले.

"काकू, मलाच तुमच्याशी बोलायचं होतं," तोच म्हणाला. "तुम्ही तर पार मास्तरकी करून राहिल्या. एकीला दोन दिले तुम्ही. दोन."

"तिने चेंडू स्वतःच्याच बाजूला मारला. दोनदा."

"तरी दोन कोणी देते का? इथे सात म्हणजे नापास आहे ना जी."

"तुला बी.ई.ला किती होते?"

"बासष्ट."

"मग? पेढे वाटले होतेस ना?"

"वाटले ना. मामांनी तर फेटा बांधला होता." तो हसला, मग पुन्हा मॅनेजर झाला. "पण काकू, ते तिकडे. इथे क्लायंट पैसे देते, त्याला नऊ पाहिजेत. एक काम करा, सगळ्यांना दोन-दोन वाढवून टाका. मॅटर क्लोज."

"ग्रेस मार्क?"

"काही पण म्हणा."

मी त्याला समजावू लागले की दोन मिळवूनही माझी पहिली मुलगी त्यांच्या मधल्या मुलीच्या बरोबरीलाच येते, कारण माझे गुण दोनपासून सातपर्यंत पसरलेले आहेत आणि त्यांचे सगळे नवाच्या आसपास दाटलेले. तेव्हा प्रत्येक परीक्षकाच्या स्वतःच्या सरासरीपासून अंतर मोजले पाहिजे. हे मी पूर्वी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत असे आणि त्यांना ते समजत असे. मॅनेजर मान डोलवत होता, पण त्याचा अंगठा फोनवर फिरत होता. "मस्त पॉइंट आहे काकू," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी नक्की करू. आत्ता यादी शुक्रवारी जाऊन राहिली."

पुढचे वर्ष त्या मुलीच्या काय कामाचे होते? चाचणीला बोलावले नाही, तर तिला गावातल्या दुकानात नोकरी धरायची होती. मुलाखतीत तिने तेही सांगितले होते, तितक्याच थोडक्यात.

घरी आल्यावर मी भांडी जरा जोरात लावत असावे, कारण नवरा वर्तमानपत्र सोडून स्वयंपाकघरात आला. सगळे ऐकल्यावर तो म्हणाला, "यात ऑफिसातल्या त्या पोरांचं काय चुकलं? लेकीच्या लग्नात केटररनं तुला विचारलं, जेवण कसं झालं? तू म्हणालीस, जमलंय. बिचारा रडायच्या बेतात होता."

"जेवण उत्तम होतं."

"ते मला माहीत आहे. तुझ्या 'जमलंय'चा अर्थ कळायला मला बरीच वर्षं लागली. त्यांच्याकडे शुक्रवारपर्यंतच वेळ आहे."

"मग मी काय नऊ लिहू? खोटं?"

"नको लिहूस. पण मग तोंड उघड. तुझी ती मुलगी तर उघडणार नाही."

हे बोलून तो पुन्हा वर्तमानपत्राकडे गेला, आणि मला त्याचाही राग आला. बरोबर बोलणाऱ्याचा येतो तसा.

यादी पक्की करण्याची मीटिंग गुरुवारी दुपारी होती, जो तो आपापल्या लॅपटॉपवरून जोडलेला. तिकडे मेलबर्नला तेव्हा दुसऱ्या दिवसाची सकाळ असते. तिथले आमचे मुख्य परीक्षक पडद्यावर आले. वयस्क माणूस, स्वतः पूर्वी हा खेळ खेळलेले. आम्ही अमेरिकेत बसून हे काम करतो याचे त्यांना कायमच किंचित आश्चर्य वाटत असावे. मॅनेजरने यादी वाचायला घेतली. माझा माइक नेहमीप्रमाणे बंद होता. विसाव्या नावाला मी तो चालू केला आणि पुन्हा बंद केला. पंचविसाव्या नावाला पुन्हा चालू केला आणि मला शंका आहे असे म्हणाले. ते कोणालाच ऐकू गेले नाही, कारण त्याच क्षणी माझ्या सहकाऱ्याने एका मुलीला 'पिढीत एखादीच' म्हटले. त्या दिवशीची ती चौथी.

"मला शंका आहे," मी पुन्हा म्हणाले. या वेळी आवाज माझ्या मनात होता त्याहून मोठा निघाला. सगळे थांबले.

मी इंग्रजी वाक्ये तयार करून नेली होती. त्यांत परीक्षकांमधील फरकाचे विवेचन होते, एक उदाहरण होते आणि उपायही होता. दोन मिनिटांत मला जाणवले की कोणाला काही कळत नाही. मॅनेजर प्रेमळ चेहऱ्याने म्हणाला, "हा फार छान मुद्दा आहे, आपण तो नोंदवून ठेवू या." 'नोंदवून ठेवू या' हे ऐकल्यावर काय होते, हे मी इतक्या वर्षांत शिकले होते.

मेलबर्नचे गृहस्थ इतका वेळ पेला हातात धरून ऐकत होते. त्यांनी विचारले, "तुम्ही आजवर सात किती जणींना दिलेत?"

"एकीला."

"आणि आठ?"

"अजून कोणालाच नाही."

"पुढे कोणाला द्याल?"

मी विचार केला. घाईने उत्तर द्यायची ही गोष्ट नव्हती. "देईन बहुधा," मी म्हणाले. "एखादी आली तर."

ते हसले नाहीत. त्यांनी माझ्या सहकाऱ्यांकडे मोर्चा वळवला. "तुम्ही नऊ किती जणींना दिलेत?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. "जवळजवळ सगळ्यांना," एक जण म्हणाला. "सगळ्या खरोखरच चांगल्या आहेत."

"हं," ते म्हणाले. मग मला विचारले, "ती सात गुणांची. तुमच्या हातात असतं तर तुम्ही तिला घेतलं असतं?"

"हो."

"कितवी?"

"पहिली."

हा शब्द मी उच्चारला आणि माझे कान तापले. ज्या माणसाने हा खेळ आयुष्यभर खेळला त्याला मी, जिने वर्षभरापूर्वी तो चेंडू पाहिलाही नव्हता, हे सांगत होते. त्यांनी पेला खाली ठेवला. "मी आज तिचे सामने पाहतो," ते म्हणाले. "तोवर यादी पाठवू नका."

दुसऱ्या दिवशी यादी गेली तेव्हा त्या मुलीचे नाव अकरावे होते. गुण बदलले नव्हते. त्यांनी ती स्वतःच्या अधिकारात वर उचलली होती आणि कारणाच्या रकान्यात माझाच शेरा जसाच्या तसा चिकटवला होता. लक्ष ठेवावे. क्लबाने तिला चाचणीला बोलावले.

माझ्या विवेचनाचे फळ मात्र पुढच्या सोमवारी मिळाले. सर्व परीक्षकांना मॅनेजरचा मेल आला. गुणांबाबत झालेला गोंधळ लक्षात घेता, यापुढे आठपेक्षा कमी आकडा प्रणाली स्वीकारणार नाही; सूचनेबद्दल माझे नाव घेऊन विशेष आभार. मी मशीनपाशी गेले तेव्हा तो मोठ्या समाधानात होता. "बघा काकू, तुमचा पॉइंट आपण इम्प्लिमेंट केला." मला बोलायचे पुष्कळ होते. मी कॉफी घेऊन जागेवर आले.

ड्राफ्ट तिकडच्या संध्याकाळी झाला, म्हणजे आमच्या झोपेत. सकाळी ऑफिसात पोहोचले तर मोठ्या पडद्यावर त्याचे चित्रण चालू होते. आमच्या गिऱ्हाइकाने दुसऱ्या फेरीत तिचे नाव पुकारले होते. तिच्या घरचे स्वयंपाकघर दिसत होते. आई, बाप, दोन-तीन शेजारी एकमेकांना मिठ्या मारत होते आणि ती फ्रिजला टेकून उभी होती. कोणीतरी तिच्यापुढे माइक धरला. ती बोलायच्या आत निवेदक दुसऱ्या मुलीकडे वळला. मला तो माइक त्याच्या हातून काढून घ्यावासा वाटला.

"कमाल," माझा तरुण सहकारी मागून म्हणाला. त्याचा चेहरा खरोखरच आनंदला होता. "मी म्हटलंच होतं. मी तिला नऊ दिले होते, आठवतं?"

मला आठवत होते. दिलेच होते त्याने.